न दुखणारी सूज : शार्को फूट

मधुमेह बरीच वर्षं असलेल्या माणसाचं एक पाऊल अचानक सुजतं, लालसर होतं, हाताला गरम लागतं. दुखत मात्र फारसं नाही, म्हणून तो चालत राहतो. 'दुखत नाही ना, मग उतरेल सूज' हा समज इथे फार महागात पडतो, कारण आत हाडं विरघळत असतात. याच आजाराला शार्को फूट, म्हणजे शार्कोचं पाऊल, म्हणतात.

सिफिलिसने मज्जारज्जू बिघडलेल्या रुग्णांचे सांधे असे ढासळतात, हे फ्रेंच डॉक्टर ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये नोंदवलं. मधुमेहाशी या आजाराचं नातं १९३६ मध्ये विल्यम जॉर्डन यांनी दाखवलं.

यातली यंत्रणा विलक्षण आहे. आपल्या हाडांत जुनं हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी असतात. त्यांना कामाला लावणारा रेणू म्हणजे रँकल, आणि त्याला पकडून ठेवणारा ऑस्टिओप्रोटेजेरिन. पाय मुरगळला की दाह होतो, टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सुटतात, रँकल वाढतं. निरोगी माणूस वेदनेमुळे पाय टेकवत नाही, मग दाह ओसरतो आणि रँकलही आवरतं. साखरेने नसा बधिर झालेल्या पायाला हा थांबण्याचा इशाराच मिळत नाही. प्रत्येक पावलाला नवी इजा, नवा दाह, आणखी रँकल. हाड ठिसूळ होतं, मोडतं, पावलाची कमान बसते आणि तळवा खाली फुगीर होतो. त्या उंचवट्यावर भार पडून जखम झाली, तिच्यात जंतुसंसर्ग झाला, की पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

अशा पायाला रक्त कमी पडत असेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या नसाही बिघडल्याने रक्तप्रवाह बहुधा वाढलेला असतो, नाडी ठळक लागते. त्यामुळे 'रक्ताभिसरण सुधारणारे', बुटात घालायचे चुंबकीय तळवे किंवा गरम तेलाचं मालीश म्हणजे शुद्ध फसवणूक. बधिर पाय भाजला तरी कळत नाही, हा धोका वेगळाच.

सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो. मग कधी संसर्ग, कधी गाऊट (युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा आजार) समजून उपचार होतात. दोन्ही पावलांचं तापमान मोजलं आणि सुजलेलं पाऊल सुमारे २ अंश सेल्सिअसने गरम निघालं, तर संशय घ्यायलाच हवा. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज लवकर दिसते.

हा आजार थांबवणारं खात्रीचं औषध अजून नाही. उपचार म्हणजे पावलावरचा भार काढणं : गुडघ्यापर्यंतचं, पायाला सर्वत्र चिकटून बसणारं प्लास्टर, तेही काही महिने. पहिलं प्लास्टर थोड्याच दिवसांत सैल पडतं, कारण सूज झपाट्याने उतरते. ते लगेच बदललं नाही तर आत पाऊल घासून जखम होते, आणि तीही रुग्णाला जाणवत नाही.