गरोदरपणातील लसीकरण

गर्भवती स्त्रीचे आणि तिच्या पोटातील बाळाचे ठरावीक रोगांपासून रक्षण व्हावे म्हणून गर्भावस्थेत ज्या लसी दिल्या जातात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. सुई एकीच्या दंडात टोचली जाते आणि संरक्षण दोघांना मिळते, हे या लसीकरणाचे वेगळेपण. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात प्रत्येक गर्भवतीला धनुर्वात आणि घटसर्प यांवरील टीडी ही लस विनामूल्य दिली जाते. २०१९ मध्ये ती लागू होण्यापूर्वी केवळ धनुर्वातावरची टीटी ही लस दिली जात असे, आणि महाराष्ट्रातील उपकेंद्रांवर व घराघरांत आजही ‘टीटीची सुई’ हाच शब्द रुळलेला आहे. इन्फ्लुएन्झा, डांग्या खोकला, कोविड-१९ आणि अलीकडे आरएसव्ही (श्वसनमार्गाला बाधणारा एक विषाणू) यांवरील लसीही निरनिराळ्या देशांत गर्भावस्थेत दिल्या जातात.

संरक्षण बाळापर्यंत कसे पोहोचते

लस टोचल्यावर साधारण दोन आठवड्यांत आईच्या रक्तातील प्रतिपिंडांचे, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचे, प्रमाण चांगले वाढते. त्यांपैकी आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांना वारेतील विशिष्ट ग्राही (पेशींवरील पकड घेणारे रेणू) पकडतात आणि गर्भाच्या रक्तात नेऊन सोडतात. हे वहन चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होत असले तरी त्याचा मोठा भाग शेवटच्या काही आठवड्यांत पार पडतो, आणि पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या रक्तात ही प्रतिपिंडे पुष्कळदा आईच्या रक्तातल्यापेक्षाही जास्त असतात. दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ ही शिदोरी अपुरी घेऊन येते. ती काही महिनेच पुरते, कारण बाळाचे शरीर ही प्रतिपिंडे स्वतः घडवत नाही आणि आईकडून आलेली हळूहळू झिजत जातात. पण तेवढा अवधीच निर्णायक असतो. आपल्याकडे डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणारी पंचगुणी लस बाळाला पहिल्यांदा मिळते ती दीड महिन्याची झाल्यावर, आणि इन्फ्लुएन्झाची लस तर सहा महिन्यांच्या आत देताच येत नाही. मधल्या काळात बाळाजवळ आईने दिलेलेच काय ते असते. जन्मानंतर आईच्या दुधातील आयजीए प्रतिपिंडांची त्यात भर पडते.

धनुर्वात: मूळ कारण

गर्भवतींच्या लसीकरणाचा पाया नवजात धनुर्वाताने घातला. या रोगाचे जंतू बीजाणूंच्या रूपात मातीत आणि गुराढोरांच्या शेणात वर्षानुवर्षे तग धरतात. नाळ कापायला विळा किंवा जुने ब्लेड वापरले, अथवा कापल्या जागी शेण किंवा राख लावली की ते बाळाच्या शरीरात शिरतात आणि तिथे विष तयार करतात. रोगाची चाल एकसारखी असते. बाळ जन्मतः धडधाकट असते, पहिले दोन दिवस रडते, अंगावर पिते. मग तिसऱ्या दिवसानंतर, बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास, त्याला दूध ओढता येईनासे होते. जबडा आवळतो, मुठी घट्ट मिटतात, आणि नुसत्या स्पर्शाने किंवा आवाजाने अंग धनुष्यासारखे ताठते. शुद्ध मात्र शाबूत असते. उपचार मिळाले नाहीत तर अशी बहुतेक बाळे दगावतात.

महाराष्ट्रात बाळाच्या जन्मानंतर पाचवी पुजतात, आणि त्या सुमाराच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते असा समज आहे. बाळ वाचते की जाते ते याच दिवसांत ठरते, ही धास्ती त्या विधीत उघड दिसते. धनुर्वाताची लक्षणे नेमकी याच सुमारास दिसतात हे लक्षात घेतले, तर या समजामागे पिढ्यानपिढ्यांचा कडवट अनुभव असावा असे वाटते.

आईला लस देऊन बाळाचा धनुर्वात टाळता येतो, हे न्यू गिनीमध्ये झालेल्या आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ या एका वर्षात जगभर सुमारे ७,८७,००० नवजात बालके या रोगाने मरण पावली. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने त्याच्या निवारणाचा ठराव केला. निवारणाची कसोटी अशी की प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण असावा. भारताने ही कसोटी २०१५ मध्ये पूर्ण केली. या यशात लसीचा वाटा मोठा आहे, पण एकटीचा नाही: दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, सुईणींना हात धुण्याचे आणि निर्जंतुक ब्लेड वापरण्याचे शिक्षण मिळाले, आणि नाळेला काहीही न लावण्याची शिकवण घरोघरी पोहोचली.

तरीही निवारण म्हणजे निर्मूलन नव्हे. देवी हा माणसाकडून माणसाकडे जाणारा रोग होता, म्हणून तो जगातून नाहीसा करता आला. धनुर्वाताचा जंतू मातीत आहे आणि तिथेच राहणार. हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नसल्यामुळे शेजारणीने घेतलेल्या लसीचा आपल्याला काही उपयोग नसतो. म्हणून येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला ही लस द्यावी लागते.

मात्रा आणि प्रत्यक्ष लसीकरण

टीडीची पहिली मात्रा गर्भारपणाची नोंद होताच आणि दुसरी किमान चार आठवड्यांनी दिली जाते. मागील गर्भारपणात दोन मात्रा झाल्या असतील आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील, तर एक बूस्टर मात्रा पुरते. दोन्ही मात्रा ३६ व्या आठवड्यापूर्वी व्हाव्यात अशी अपेक्षा असते, परंतु उशिरा आलेल्या स्त्रीला लस नाकारायची नसते. आधी लस न झालेली स्त्री थेट कळा सुरू झाल्यावर आली तरी तिला ती द्यायची असते. घटसर्पाचा अंश नंतर जोडण्याचे कारण असे, की लहानपणी घेतलेल्या लसीचे बळ प्रौढ वयात ओसरते आणि घटसर्प मोठ्यांतही डोके वर काढतो.

गावपातळीवर हे काम परिचारिका, आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या साखळीतून होते. शीतपेटीतून काढलेल्या कुपीवर एक छोटे वर्तुळ आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाशी जुळला किंवा त्याहून गडद झाला तर कुपी फेकून द्यायची. ही लस गोठली तरी निकामी होते, म्हणून ती दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. दंडाच्या वरच्या भागात अर्धा मिलिलिटर लस स्नायूत टोचली जाते, तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिली जाते, आणि अर्धा तास तिथेच थांबायला सांगितले जाते.

इतर लसी

गर्भावस्थेत इन्फ्लुएन्झा अधिक गंभीर होऊ शकतो, याचा अनुभव १९१८ च्या महामारीत आणि पुन्हा २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत आला. त्या साथीतील भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला, आणि पुढील वर्षांत महाराष्ट्र शासनाने जोखमीच्या गटांना ही लस ऐच्छिक व मोफत देऊ केली, त्यात गर्भवतींचा समावेश होता. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इन्फ्लुएन्झा लसीकरणात गर्भवतींना अग्रक्रम द्यावा असे सुचवले. बांगलादेशात ३४० स्त्रियांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ही लस घेतलेल्या मातांच्या सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांत खात्रीने निदान झालेला इन्फ्लुएन्झा ६३ टक्क्यांनी कमी आढळला.

डांग्या खोकल्याबाबतचा सर्वांत बोलका अनुभव इंग्लंडचा आहे. २०१२ च्या साथीत तिथे १४ तान्ही बाळे दगावल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात गर्भवतींना लस देणे सुरू झाले, आणि ती तीन महिन्यांखालील बाळांत सुमारे ९१ टक्के परिणामकारक ठरली. भारतात टीडॅप ही धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींवरची लस सरकारी कार्यक्रमात नाही. खासगी रुग्णालयांत प्रसूतितज्ज्ञ ती २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान सुचवतात. जी स्त्री सरकारी दवाखान्यावर अवलंबून आहे तिच्या बाळाला हे संरक्षण मिळत नाही, ही उणीव भरून निघायला हवी.

आरएसव्ही हा विषाणू तान्ह्या बाळांच्या श्वासनलिकांना सूज आणतो. त्यावरील गर्भवतींसाठीच्या लसीला अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता मिळाली. कुत्रा चावल्यास मात्र प्रश्नच उरत नाही: रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक असल्याने गर्भवतीलाही लसीचा पूर्ण क्रम, आणि गरज असेल तेथे प्रतिपिंडांचे इंजेक्शनसुद्धा, विनाविलंब दिले पाहिजे.

सुरक्षितता

टीडी, टीडॅप आणि टोचून दिली जाणारी इन्फ्लुएन्झाची लस यांत जिवंत जंतू नसतात, त्यामुळे त्यांपासून आईला किंवा गर्भाला तो रोग होण्याची शक्यता नसते. दंड दुखणे, टोचल्या जागी लाली किंवा गाठ येणे, एखादा दिवस कणकण वाटणे हे नेहमीचे परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतात. ताप आल्यास पॅरासिटामॉल घेता येते. तीव्र ॲलर्जी अत्यंत विरळ आहे, आणि लसीनंतर थांबवून ठेवतात ते तिच्यासाठीच. इंग्लंडमध्ये डांग्या खोकल्याची लस घेतलेल्या सुमारे २०,००० गर्भवतींच्या नोंदी तपासल्या असता मृतजन्माचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

घरातील शंका बहुधा एखाद्या घटनेपासून सुरू होते: सुई घेतली आणि आठवड्याने गर्भ पडला. अशा वेळी त्या स्त्रीचे दुःख खरे असते आणि प्रश्नही रास्त असतो. परंतु लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी ढोबळमानाने १० ते २० टक्के गर्भपातात संपतात, लस घेतली असो वा नसो. लाखो स्त्रियांना लस दिली की काही जणींच्या बाबतीत कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडणारच. म्हणूनच लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना करावी लागते. ‘या सुईने वांझपण येते’ ही अफवाही जुनी आहे. २०१४ मध्ये केनियात ती धनुर्वाताच्या लसीबाबत उठली होती. ही लस अनेक दशके घेत आलेल्या स्त्रियांना पुढेही मुले झाली, हे त्याचे साधे उत्तर.

सावधगिरीची किंमतही लक्षात ठेवावी लागते. भारतात कोविडची लस जानेवारी २०२१ मध्ये आली, पण चाचण्यांत गर्भवतींना घेतलेले नसल्यामुळे त्यांना ती २ जुलै २०२१ पर्यंत खुली झाली नाही, आणि दुसरी लाट तर एप्रिल-मे महिन्यांतच येऊन गेली होती.

टाळायच्या लसी

गोवर, रुबेला, गालगुंड, कांजिण्या, बीसीजी यांसारख्या जिवंत पण दुर्बल केलेल्या जंतूंच्या लसी गर्भावस्थेत देत नाहीत. रुबेलाचे गर्भावरील परिणाम, म्हणजे मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयदोष, गंभीर असल्याने ती लस गर्भधारणेआधी किमान महिनाभर घेतलेली असावी. दिवस गेल्याचे न कळता ती घेतली गेली तरी गर्भपात करून घेण्याचे कारण नाही, कारण लसीमुळे बाळात असे दोष निर्माण झाल्याचे आढळलेले नाही.

स्थलांतर आणि सुटलेली मात्रा

बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली स्त्री पहिली मात्रा गावात घेते आणि चार आठवड्यांनी, दुसरी घ्यायची तेव्हा, फडावरच्या कोपीत असते. मात्रेला उशीर झाला म्हणून पहिली वाया जात नाही, आणि दुसरी राज्यातील कोणत्याही उपकेंद्रात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेता येते. कार्ड सामानात बांधून न्यावे, असे आशाताई निघण्याआधी सांगतात ते यासाठीच. कार्ड हरवले आणि आधीच्या मात्रा आठवत नसल्या, तर लस झालेली नाही असे धरून ती नव्याने देतात.