शाळेच्या ताटातले अंडे आणि लोकसहभाग : पार्श्वभूमी

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहाराच्या पाककृती नव्याने ठरवल्या. अंडा पुलाव, तांदळाची खीर आणि नाचणी सत्त्व यादीत राहिले, पण ऐच्छिक म्हणून. त्यांना लागणारी अंडी आणि साखर यांसाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळा व्यवस्थापन समितीने ती लोकसहभागातून मिळवावीत, असे ठरले. शाळेच्या जेवणाला गावाने हातभार लावावा ही अपेक्षा जुनीच आहे. सरकारने एखादी गोष्ट सुरू करून वर्ष-सव्वा वर्षात ती गावावर सोपवावी, हे मात्र नवे होते.

मद्रास शहरातल्या १९२० च्या दशकातल्या प्रयोगापासून आणि तमिळनाडूच्या १९५६ व १९८२ च्या योजनांपासून शाळेतल्या जेवणाची गोष्ट सांगता येते. आपल्याकडच्या शाळांपुरते पाहायचे तर सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ ची. तेव्हा ताट नव्हतेच. हजेरी पुरेशी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा आणि तो सगळ्या कुटुंबात वाटला जायचा. एका नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातले किमान २०० दिवस. शाळेशाळेत खिचडी आली ती त्यानंतर. पुढे प्राथमिकसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क झाले.

उष्मांक तांदळाने भरून निघतात, प्रथिनांचे तसे होत नाही. डाळ पातळ झाली की पहिला फटका त्यांनाच बसतो. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात, त्यात पाणी घालता येत नाही आणि ते मुलाच्या हातात पडले की नाही हे कुणालाही दिसते. तमिळनाडूने हे फार आधी ओळखले. आपल्याकडेही आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे दिले जाते. तेच मूल पहिलीत गेले की अंडे बंद. ही तुटलेली साखळी नोव्हेंबर २०२३ च्या निर्णयाने काही अंशी जोडली : आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्याला केळे किंवा दुसरे फळ, आणि अंड्यामागे पाच रुपये. थंडीत बाजारभाव याहून वर जातो, त्यामुळे मुख्याध्यापकांची ओढाताण पहिल्या आठवड्यापासूनच होती.

मग विरोध सुरू झाला. काही धार्मिक व शाकाहारवादी गटांनी निवेदने दिली. पालकांचा विरोध किती टक्के आहे ते पाहून काही शाळांना अंड्यातून वगळण्याच्या सूचनाही निघाल्या. ज्या घरात अंडे चालत नाही त्या मुलासाठी केळ्याची सोय पहिल्या दिवसापासून होती. तरी चर्चा मुलांच्या वाढीची न राहता श्रद्धेची झाली. जून २०२४ मध्ये तांदळाचा पदार्थ, मोड आलेली कडधान्ये आणि गोड पदार्थ अशी भरगच्च आहारपद्धती आली. जानेवारी २०२५ चा निर्णय तिलाच कात्री लावणारा आहे.

लोकसहभाग वाईट नाही. परसबागेतला शेवगा, पालक, कढीपत्ता यांनी कितीतरी शाळांच्या खिचडीला चव आणि सत्त्व दिले आहे. वाढदिवसाला किंवा सणाला गावाने पंगत घालायची गुजरातमधली ‘तिथी भोजन’ पद्धत केंद्राने शालेय जेवणाच्या २०२१ च्या नव्या आराखड्यात सर्व राज्यांना सुचवली. पण हे सगळे वरचे आहे, अधूनमधूनचे आहे. दर आठवड्याला शंभर अंडी गोळा करणे ही वेगळी गोष्ट. बागायती गावात एखादा दाता मिळेलही. मेळघाट, नंदुरबार, पालघरच्या पाड्यांवर किंवा बीडच्या ऊसतोड गावांत पालकच दिवाळीनंतर पोटासाठी बाहेर पडतात. मागे राहिलेल्यांकडे वर्गणी कुणी मागायची? जिथे अंड्याची गरज सर्वाधिक, तिथेच ते ऐच्छिक ठरले.

मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे रोजचा खर्च ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे धरला जातो. तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो; डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन एवढ्यात बसवायचे असते. त्यातून अंड्यासाठी काही उरत नाही.