तार सप्तकात ‘ई’चा ‘आ’ का होतो?

“काय गातेय काही कळत नाही. हल्ली उच्चार शिकवतच नाहीत!” कवितागायनाच्या एका कार्यक्रमात मागच्या रांगेतून हे ऐकलं आणि राहवलं नाही. दोष गाणारीचा नव्हता. चाल लावणाऱ्याने कवितेतला ‘ई’ नेमका तार पंचमावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘प’वर, टांगला होता.

आधी कुजबुजत ‘आई’ म्हणून बघा. स्वरतंतू कंप पावत नाहीत, सूर लागत नाही, तरी आ आणि ई दोन्ही स्पष्ट. म्हणजे अक्षर घडतं ते तोंडाच्या पोकळीत. ही पोकळी ठरावीक कंप्रता (सेकंदाला किती कंपनं; मोजायची हर्ट्झमध्ये) उचलून धरते. यालाच अनुनाद म्हणायचं. ‘ई’चा पहिला अनुनाद साधारण ३०० हर्ट्झला, ‘आ’चा ७००–८००ला. ‘ई’चा दुसरा पार २०००च्या पुढे. पण पोकळी उचलून धरणार काय? स्वरतंतू जे पुरवतील तेच. आणि ते पुरवतात मूळ सूर, त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट.

काळी पाचात (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या बाईंचा षड्ज, म्हणजे ‘सा’, २३३ हर्ट्झ, तार षड्ज ४६६, तार पंचम ७००. त्या पंचमावर गळ्यातून निघतं ७००, १४००, २१००. तीनशेपाशी काहीच नाही! खोली तयार आहे, भाडेकरूच नाही. त्यात आवाज फुलावा म्हणून गायिका जबडा उघडते, पहिला अनुनाद वर सरकून ७००ला येऊन बसतो, आणि ‘ई’ ‘आ’कडे झुकतो. रियाज कितीही करा, तीनशेचा घटक येणार कुठून?

  

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने १८१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, जर्मन कवी ग्योटेच्या ‘एर्लक्योनिग’ या कवितेला चाल लावली. बाप रात्री मुलाला घेऊन घोडा दामटतोय, भेदरलेला मुलगा त्याला हाका मारतोय आणि सूर दर हाकेला चढतोय. मूळ पट्टीत बाईंनी गायलं, तर शेवटची हाक ७४० हर्ट्झच्या आसपास जाते. पण जर्मनमध्ये बाप म्हणजे ‘फाटर’, आणि त्यात ताणायचा तो ‘आ’. शब्द शाबूत राहतो.

आपल्या ‘आई’ला चाल लावताना ‘आ’ वर ठेवून ‘ई’वर खाली उतरावं. उलटं केलंत, तर मागच्या रांगेला नुसतं ‘आआ’ ऐकू येईल.