सांगलीत बसून कोची-गोव्यातली जुनी सेलिंग बोट विकायची असेल तर: कोण विकू शकतं, कागद कोणते, अर्ज कुठं

वीस-तीस वर्षं जुनी फायबरची क्रूझिंग सेलबोट कोचीच्या बोलगट्टी मरीनात (बोटी भाड्यानं उभ्या करायच्या धक्क्यावर) नाहीतर गोव्याला उभी आहे, मालक इकडं सांगलीत, वय झालं, जाणं होत नाही, विकून टाकूया. अशा वेळी माणसं काय करतात तर आधी फोटो टाकतात आणि गिऱ्हाईक आलं की मग कपाटात कागद शोधायला लागतात. हे उलटं करा. गरम पाण्यात नुसत्या उभ्या बोटीच्या तळाला शिंपले धरतात, उन्हानं शिडाचं कापड कुजतं, मरीनाचं भाडं चालूच असतं, आणि जून ते सप्टेंबर पावसाळ्यात समुद्रात नेऊन ट्रायल द्यायची म्हणजे अवघडच. कागद उन्हाळ्यात जमवून ठेवले तर ऑक्टोबरपासून बोट दाखवता येते.

पहिलं काम, बोट कुठल्या रजिस्टरवर आहे ते बघा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. भारतीय शिप म्हणून नोंद असेल तर अर्ज मर्कंटाईल मरीन डिपार्टमेंट, म्हणजे एमएमडी, या केंद्र सरकारच्या जहाज खात्याकडं, आणि तोही सर्टिफिकेटवर ज्या पोर्टचं नाव आहे तिथंच. बोट कोचीत उभी आहे पण रजिस्ट्री मुंबईची असली तर फाईल मुंबईतच हलणार. इनलँड व्हेसल, म्हणजे नदी-खाडीत चालणारी बोट, म्हणून नोंद असेल (1917 चा कायदा जाऊन 2021 चा आला, त्याखाली) तर ज्या राज्यानं नोंदवली तिथलं ऑफिस, महाराष्ट्रात मेरिटाईम बोर्ड, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स.

परदेशी झेंड्याची, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेली असेल तर मात्र जरा थांबा. तात्पुरती म्हणून भारतात आणलेली आणि कस्टम ड्युटी न भरलेली बोट इथल्या माणसाला तशीच विकता येत नाही. ड्युटी भरल्याचं बिल ऑफ एंट्री हातात पाहिजे. आणि ब्रिटनच्या स्मॉल शिप्स रजिस्टरचं सर्टिफिकेट बरेच जण मालकीचा कागद म्हणून दाखवतात, तो मालकीचा पुरावा नसतोच, त्यामुळं त्याच्या मागची सगळी बिल ऑफ सेल, म्हणजे आधीच्या प्रत्येक विक्रीचे कागद, लागतात.

आता विकायला पात्र कोण, तर रजिस्टरवर ज्याचं नाव तो, बोट सांभाळणारा किंवा मरीनाचं भाडं भरणारा नव्हे. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात बोटीची मालकी 10 शेअरमध्ये धरलेली आहे (ब्रिटनमध्ये 64), आणि नेव्हीतनं रिटायर झालेल्या तिघाचौघांनी मिळून घेतलेली बोट असेल तर प्रत्येकाची सही लागणार, एक जण अमेरिकेत मुलाकडं असला तरी. कुणी वारला असेल तर आधी वारसांचं नाव रजिस्टरवर चढवायचं आणि मगच विक्री, याला वेळ लागतो, म्हणून हे आजच सुरू करा. बँकेचं कर्ज नोंदवलेलं असेल तर ते फेडून रजिस्टरवरनं उतरवून घ्या, नुसतं बँकेचं पत्र खिशात ठेवून भागत नाही. 1958 च्या कायद्याच्या जागी संसदेनं 2025 मध्ये नवा कायदा पास केलाय, त्यामुळं एजंटकडचा जुना झेरॉक्स फॉर्म भरू नका, रजिस्ट्रारच्या ऑफिसातनंच चालू फॉर्म घ्या.

कागदांचं म्हणाल तर मूळ रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, बिल्डरच्या (बोट बनवणाऱ्या कारखान्याच्या) सर्टिफिकेटपासून तुमच्यापर्यंतची बिल ऑफ सेलची साखळी, सर्व्हे (तपासणी) सर्टिफिकेट, इन्शुरन्स, इंजिन नंबर, हल नंबर म्हणजे बोटीच्या सांगाड्यावरचा नंबर (जुन्या बोटींना तो नसतोही, मग बिल्डरच्या प्लेटचा फोटो), पॅन-आधार आणि मरीनाचं नो ड्यूज. ट्रॅक्टर विकताना आरटीओत जशी मधल्या एका मालकाची सही नसली की गाडी अडते तसंच इथं साखळीतला एक कागद गायब असला तर अडतं. नवीन बिल ऑफ सेल लेखीच लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट, आणि घेणाऱ्यानं मालकीचं डिक्लरेशन द्यायचं.

स्वतः जायचं नसेल तर विजयनगरला कोर्टाजवळ नोटरीकडं खास या एका विक्रीपुरतं कुलमुखत्यारपत्र करा, त्यात बोटीचं नाव, ऑफिशियल नंबर आणि सही करायचा अधिकार स्पष्ट लिहा. मोघम "सर्व व्यवहार" असलं लिहू नका. महाराष्ट्रात अशा कागदाला 500 ची स्टॅम्प ड्युटी आहे. पण जमत असेल तर एकदा जाऊनच या, पूर्णा एक्सप्रेस सांगली-मिरजेवरनं थेट एर्नाकुलमला जाते.

घेणारा हुशार असेल तर तो थकबाकीचं विचारणारच, आणि बरोबर विचारतो. 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्यात (जहाजांवरच्या दाव्यांचा कायदा) खलाशांचा पगार, बोट वाचवल्याचा मोबदला, बंदराची देणी ही बोटीलाच चिकटलेली असतात, मालक बदलला तरी सुटत नाहीत, साधारण 1 वर्ष, पगाराच्या बाबतीत 2 वर्षं. म्हणून राखणदार पोराचा पगार चुकता करून त्याची सही घेऊन ठेवा.

सर्व्हे घेणाऱ्याच्या खर्चानं, बोट पाण्याबाहेर काढून. फायबरमध्ये ओल, फोड, पाण्याखालचे व्हॉल्व्ह आणि डोलकाठीच्या वायर बघतात, त्या वायर 10-15 वर्षांनी बदलायच्या असतात, बदलल्या असतील तर बिलं काढून ठेवा, किंमत तिथंच ठरते. टोकन साधारण 10 टक्के, "सर्व्हे आणि ट्रायलच्या अटीवर" असं लेखी. 2 लाख किंवा वर कॅश घेऊ नका, इन्कम टॅक्सला चालत नाही, सगळं बँकेतनं.

ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, इन्शुरन्स त्याच तारखेला बंद करा, तो आपोआप नव्या मालकाकडं जात नाही. वायरलेस सेटचं लायसन्सही तुमच्या नावावर ठेवू नका. आणि ईपर्ब, म्हणजे बुडताना सिग्नल देणारा तो डबा, त्याची नोंद बेंगळुरूला इस्रोच्या सेंटरमध्ये असते, तिथं मालक बदलल्याचं कळवा. नाहीतर बोट उद्या लक्षद्वीपजवळ अडकली तर मध्यरात्री फोन वाजणार तो तुमच्या सांगलीच्या घरात.