साप्पोरोचा बर्फ बघायला जायचंय? मग जपानच्या व्हिसाचा अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

फेब्रुवारीत साप्पोरोला जायचं म्हणून लोक दिवाळीच्या आधीपासून तयारीला लागतात, जाडजूड जॅकेटं घेतात, तिकिटं काढतात आणि जानेवारीत रडकुंडीला येतात. कारण एकतर व्हिसा नाकारलेला असतो, नाहीतर हातात आलेल्या व्हिसाची मुदत तिथल्या स्नो फेस्टिव्हलच्या, म्हणजे बर्फाच्या शिल्पांच्या उत्सवाच्या आधीच संपणार असते. पैसे तर जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे जपानने व्हिसा एकदा नाकारला की त्याच हेतूच्या प्रवासासाठी पुढचे सहा महिने अर्ज घेत नाहीत. फेब्रुवारीच्या ट्रिपसाठी नकार आला की तो अख्खा हिवाळा गेला असंच समजा. आणि नकाराचं कारण सांगत नाहीत, फोन करा, मेल करा, काही उपयोग होत नाही, माणसाला आपलं काय चुकलं तेसुद्धा कळत नाही. हे मला खरंच पटत नाही, ज्याने एवढी धावपळ केली त्याला एका ओळीचं कारण तरी द्यावं. पण नियम तसा आहे, त्यामुळे पहिलाच अर्ज नीट गेला पाहिजे.

सोपा भाग आधी उरकून टाकते. भारतात राहणाऱ्या, साधा पासपोर्ट असलेल्या माणसाला टुरिस्ट म्हणून सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत जाता येणारा ई-व्हिसा मिळतो, जास्तीत जास्त ९० दिवसांच्या मुक्कामासाठी. आपल्याकडे हे १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालं. ई-व्हिसा म्हटलं की लोकांना वाटतं घरबसल्या होईल, तसं नाहीये, कागद व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या सेंटरवरच द्यायचे. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे जातात. पासपोर्टवर नागपूरचा पत्ता आणि नोकरी बंगळुरूत असं असेल तर सध्या राहता तिथल्या हद्दीत अर्ज करायचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा जोडायचा. फॉर्म, फोटो, पासपोर्ट, कव्हर लेटर, नोकरी असेल तर ऑफिसचं रजेचं पत्र, हे सगळं चेकलिस्टवर आहे. ती चेकलिस्ट मात्र सेंटरच्या साइटवरून स्वतः ताजी काढा, व्हॉट्सॲपवर फिरणारी कुणाची तरी जुनी पीडीएफ वापरू नका.

आता तारखा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. सिंगल एंट्री व्हिसाची मुदत असते तीन महिने, आणि ती मोजायची व्हिसा दिला त्या तारखेपासून. ९० दिवस राहायची परवानगी ही वेगळी गोष्ट, ते दिवस जपानमध्ये उतरल्यावर सुरू होतात. हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असल्यामुळे लोक गोंधळतात आणि उत्साहाच्या भरात ऑक्टोबरमध्येच अर्ज टाकून मोकळे होतात. १० ऑक्टोबरला व्हिसा मिळाला तर १० जानेवारीच्या आत जपानमध्ये पाऊल पडलं पाहिजे. स्नो फेस्टिव्हल असतो फेब्रुवारीच्या सुरुवातीला, २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी तो ४ ते ११ फेब्रुवारी होता. म्हणजे तो व्हिसा ओदोरी पार्कमधला पहिला बर्फाचा पुतळा उभा राहायच्या आधीच बाद झाला, आणि मुदत वाढवून मिळत नाही, कितीही विनवण्या करा.

उलट्या बाजूने जानेवारीच्या मध्यावर जागे होणारेही आहेत. कागद बरोबर असले तर साधारण पाच कामाचे दिवस लागतात असं जपानचं परराष्ट्र खातं सांगतं, पण ते कामाचे दिवस आहेत, आणि अर्ज दूतावासाने स्वीकारल्यावर मोजायचे. सेंटरवरून तिथे पोचायला वेळ जातो, मधे सव्वीस जानेवारी येते, आणि वरून काही कागद मागितला तर घड्याळ परत सुरू. वर्षाच्या शेवटी आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसांत जपानी ऑफिसं बंद असतात तेही धरा. माझं ऐकाल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोचायचं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज द्या, मुदतही पुरते आणि काही अडलं तर निस्तरायला वेळ मिळतो. अर्ज दिल्यावर अनोळखी नंबरचे फोन उचला हो! दूतावासातून चौकशीचा फोन येऊ शकतो आणि आपण स्पॅम समजून कट करतो.

फॉर्मवर एक छोटा रकाना आहे, जपानमध्ये कुठल्या विमानतळावर उतरणार. साप्पोरोला जाणारे डोळे झाकून न्यू चितोसे लिहितात कारण साप्पोरोचा विमानतळ तोच. पण मुंबईहून साप्पोरोला थेट विमान नाहीये, बरेच जण टोकियोमार्गे जातात आणि तसं असेल तर इमिग्रेशन नरिताला किंवा हानेदाला होतं, म्हणजे रकान्यात तेच लिहायचं. बँकॉक किंवा सिंगापूरवरून सरळ चितोसेला उतरणार असाल तरच चितोसे. विमानाचं नाव आणि पोचायची तारीखही तिकिटावरचीच हवी. रात्री निघून दुसऱ्या दिवशी पोचतो आपण, तरी लोक निघायची तारीख लिहून बसतात.

मग येतो दिवसवार कार्यक्रमाचा तक्ता. त्यात तारीख, त्या दिवशी काय करणार, संपर्काचा फोन आणि मुक्कामाची जागा असे रकाने असतात. लोक 'साइटसीइंग' असं दहा वेळा खालीखाली लिहितात. तपासणाऱ्याला त्यातून काय कळणार? असं लिहा की ५ फेब्रुवारीला चितोसेहून ट्रेनने साप्पोरो, जेमतेम पाऊण तास लागतो, संध्याकाळी ओदोरी पार्क; ६ ला फेस्टिव्हलचीच दुसरी ठिकाणं, सुसुकिनोची बर्फाची शिल्पं आणि त्सुदोमेचं मैदान; ७ ला ट्रेनने ओतारू, तिथला कालवा बघून रात्री परत साप्पोरो. रोजच्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन, आणि तेच हॉटेल बुकिंगच्या कागदावर त्याच तारखांना दिसलं पाहिजे. खरी गोम इथे आहे, कारण फेस्टिव्हलच्या आठवड्यात साप्पोरोतली हॉटेलं फार आधी भरतात आणि भाव चढतात, म्हणून लोक अर्जापुरतं टोकियोचं स्वस्त हॉटेल दाखवतात, तक्त्यात साप्पोरो लिहितात आणि कव्हर लेटरमध्ये क्योतो. एका अर्जात तीन वेगवेगळ्या ट्रिपा! काही एजंटही हेच करतात, सगळ्या गिऱ्हाइकांना एकच तक्ता चिकटवतात. एजंटने भरलेला फॉर्म सही करायच्या आधी ओळ न् ओळ वाचा, खाली सही तुमची आहे.

फुकट कॅन्सल होणारं बुकिंग घ्या, त्यात काही गैर नाही, फक्त व्हिसा हातात येईपर्यंत कॅन्सल करू नका. पैसे देऊन खोटी तिकिटं बनवून देणाऱ्या साइट्सच्या नादी मात्र अजिबात लागू नका, दोन दिवसांनी तो पीएनआर उघडतच नाही आणि अर्ज तोपर्यंत टेबलावर पोचलेला असतो.

पैशांचे कागद. किती लाख शिल्लक हवी असा आकडा कुठेही छापलेला नाही, त्यामुळे 'अमुक इतके ठेवलेच पाहिजेत' असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट बँकेच्या सही-शिक्क्यानिशी घ्या आणि सोबत आयटीआर. अर्जाच्या चार दिवस आधी मेहुण्याकडून पाच लाख खात्यात घेतले तर ते स्टेटमेंटवर लख्ख दिसतात. खरंच एफडी मोडली असेल, जमिनीचे किंवा गाडी विकल्याचे पैसे आले असतील, तर त्याचा कागद जोडा आणि कव्हर लेटरमध्ये दोन ओळी लिहा, प्रश्नच मिटला.

शेती करणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. द्राक्षाचं, उसाचं उत्पन्न चांगलं असतं, मुलं म्हणतात आईबाबा एकदा बर्फ बघून या, आणि अडतं ते आयटीआरवर, कारण शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून रिटर्न कधी भरलाच नाही. सातबारा आपल्याकडे वजनदार कागद, पण तिकडच्या टेबलावर मराठी सातबारा कोण वाचणार? त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा, साखर कारखान्याची किंवा मार्केट यार्डाची बिलं खात्यातल्या जमेशी जुळतात ते दाखवा, आणि पुढच्या वर्षी जायचा विचार असेल तर कर लागत नसला तरी करमुक्त उत्पन्न दाखवून रिटर्न भरून ठेवा. मुदत हुकली तरी उशिराचा रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतो.

आईवडिलांचा खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल तर मुलाचं स्टेटमेंट, आयटीआर, खर्च करतोय असं पत्र आणि नात्याचा पुरावा. नात्याच्या पुराव्याला बहुतेक वेळा पासपोर्टचं शेवटचं पान पुरतं कारण त्यावर आईवडिलांची नावं असतात. घोळ होतो तो नावांचा. आपल्याकडे पासपोर्टमध्ये स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेममध्येच असतं, तिकिटावर ते गायब आणि बँकेत नुसतं एक अक्षर. फॉर्मवर पासपोर्टप्रमाणे जसंच्या तसं लिहा. बायकांचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि खातं सासरच्या नावाचं असेल तर लग्नाचं सर्टिफिकेट न मागता जोडा. लग्न होऊन तीस वर्षं झाली आणि नोंदणीच केलेली नाही अशा कितीतरी काकू-मावश्या आहेत, त्यांनी आधी ते काम हाती घ्यावं, त्याला वेळ लागतो.

भाऊ, बहीण, मित्र जपानमध्ये असेल आणि तो बोलावतोय म्हणून जाणार असाल तर प्रकरण वेगळं. मग त्याचं निमंत्रणपत्र लागतं आणि खर्चही तोच करणार असेल तर हमीपत्र, तिथल्या पालिकेतून काढलेलं जुमिनह्यो (रहिवासाच्या नोंदीचा दाखला) आणि उत्पन्नाचा किंवा कराचा दाखलाही. जुमिनह्यो घरातल्या सगळ्यांच्या नोंदीसकट, पण त्यावर माय नंबर, म्हणजे जपानचा आधारसारखा नंबर, नको, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर कागद भारतात आल्यावर कळतं आणि परत कुरिअरची वाट बघावी लागते. काही जण ही कटकट नको म्हणून भावाकडे राहायचं लपवतात आणि खोटं हॉटेल दाखवतात. तसं करू नका, इमिग्रेशनच्या काउंटरवर कुठे राहणार असं विचारतात आणि तिथे माणूस गांगरतो.

व्हिसा मिळाला की पासपोर्टवर स्टिकर शोधू नका, ई-व्हिसाला तो नसतो. एक नोटीस असते आणि ती विमानतळावर इंटरनेट चालू असलेल्या फोनवर ऑनलाइन उघडूनच दाखवावी लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट काहीही चालत नाही. आपली माणसं मात्र हौसेने चार कलर प्रिंट काढून फाइलमध्ये लावून जातात. घरातल्या ज्येष्ठांना निघायच्या आधी दोनदा स्वतःच्या हाताने उघडायला लावा आणि त्यांच्या फोनवर परदेशात चालणारं इंटरनेट आहे ना ते बघा. इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती व्हिजिट जपान वेब या जपान सरकारच्या साइटवर भरून ठेवा, क्यूआर मिळतो.

मुक्काम किती दिवसांचा मिळालाय तेही वाचा आणि परतीचं तिकीट अगदी शेवटच्या दिवसाचं काढू नका. साप्पोरोत वर्षाला जवळपास पाच मीटर बर्फ पडतो, फेब्रुवारी २०२२ मध्ये तर इतका पडला की शहरातल्या ट्रेन बंद पडल्या होत्या, आणि चितोसेची विमानं रद्द होणं हिवाळ्यात नवीन नाही. दोन दिवस हाताशी ठेवा.

आणि औषधं. थंडीला म्हणून लोक सर्दी-खोकल्याची पाकिटंच्या पाकिटं भरतात. सर्दीच्या गोळ्यांत असणारं सुडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, कोडीन असलेल्या कफ सिरपवरही बंधनं आहेत, त्यामुळे पाकिटावर बारीक अक्षरात घटक वाचून घ्या किंवा केमिस्टला विचारा. बीपी-शुगरच्या गोळ्या एका महिन्याला पुरतील एवढ्याच आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट न्या, त्याहून जास्त न्यायच्या असतील तर जपानच्या आरोग्य खात्याची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते आणि त्यासाठी निघायच्या आधी पुरेसे दिवस हाताशी हवेत.