दोनी जोड्या बराबर पयल्या?

शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर भोंग्यातून आकडा येतो : दहा सेकंद. पुढची जोडी सुटते, तिचाही आकडा तोच. "दोनी जोड्या बराबर पयल्या," म्हणजे सारख्याच पळाल्या, असा निकाल कडेची मंडळी देऊन मोकळी होतात. नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम' आहे, आणि त्या धड्यात पोरं जिथं अडकतात ती जागा नेमकी या निकालात आहे.

विदर्भात अमरावतीकडच्या तळेगाव दशासरपासून पूर्वेच्या झाडीपट्टीपर्यंत पटाचं वेड आहे. २०१४ मध्ये न्यायालयाच्या बंदीमुळे तो थांबला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की पट सरळ असतो. बैल कुठे आहेत हे सांगायला एकच आकडा पुरतो : सुटण्याच्या रेघेपासूनचं अंतर. निकालाच्या रेघेकडे अधिक, उलट्या दिशेला उणे. जोडी १०० मीटर धावून पुन्हा मूळ जागी आली, तर कापलेलं अंतर २०० मीटर आणि विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, शून्य. हा भाग पोरांना लवकर समजतो. खरी अडचण पुढे आहे.

१०० मीटरच्या पटावर दर २० मीटरला फक्कीची रेघ मारली असं धरा. आकडे मानलेले आहेत. पहिल्या जोडीला पाच टप्प्यांना लागले अनुक्रमे ३.२, १.७, १.६, १.६ आणि १.९ सेकंद. दुसरीला ३.६, १.८, १.६, १.५ आणि १.५. दोन्हीकडची बेरीज बरोबर १०. सरासरी वेगही दोघींचा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर.

आता एकेक टप्पा वेगळा काढा. पहिली जोडी सुटताच पुढे गेली, मधल्या दोन टप्प्यांत सेकंदाला १२.५ मीटरने धावली आणि शेवटी दमून १०.५ वर आली. दुसरी उशिरा तापली, पण अखेरच्या ४० मीटरमध्ये १३.३ ने धावत होती. सरासरीचा '१०' दोघींच्याही कोणत्याच टप्प्यात सापडत नाही. या जोड्या शेजारच्या पट्ट्यांवर एकदमच सोडल्या असत्या, तर पहिली शेवटपर्यंत पुढे राहिली असती आणि अगदी रेघेवर दुसरीने तिला गाठलं असतं. त्या क्षणी दोघी एकाच जागी, पण वेग मात्र एकसारखा मुळीच नाही. वेग सारखा असता तर दुसरी जोडी पहिलीला गाठू शकली नसती.

हे मोठ्या विद्यार्थ्यांनाही चकवतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड ट्रोब्रिज आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी १९८० मध्ये याच विषयावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. दोन चेंडू शेजारच्या पट्ट्यांवरून घरंगळताना दाखवायचे आणि विचारायचं, यांची चाल सारखी कधी होती? महाविद्यालयात शिकणाऱ्या कित्येकांनी बोट ठेवलं ते एक चेंडू दुसऱ्याला ओलांडतो त्या क्षणावर. जागा सारखी म्हणजे वेग सारखा, असा मनाने परस्पर लावलेला अर्थ. सूत्रं पाठ करून हा गोंधळ जात नाही. माझ्या मते तो सूत्रांखाली झाकला जातो, एवढंच.

त्वरणाचंही, म्हणजे वेग बदलण्याच्या दराचंही, तसंच. पटात त्वरण सर्वांत जास्त कुठे असतं, असं विचारलं तर पोरं 'मधे, बैल सगळ्यात जोरात असतात तिथं' म्हणतात. मधे तर पहिल्या जोडीचा वेग जवळजवळ बदलतच नाही, म्हणजे त्वरण शून्याच्या आसपास. खरा जोर सुटतानाचा, वेग शून्यावरून उचलला जातो तेव्हाचा. आणि शेवटच्या टप्प्यात बैल पुढेच धावत असले, तरी त्यांचं त्वरण मागच्या दिशेला असतं. गॅलिलिओसारख्या माणसालाही इथं बरीच वर्षं घालवावी लागली. १६०४ च्या सुमारास त्याचं मत होतं की पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. पुढे त्याने अंतर सोडून वेळ धरली. उतरत्या फळीवरून गोळी सोडून, भांड्यातून गळलेलं पाणी तोलून त्याने वेळ मोजली. १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात समान कालखंडांतली अंतरं १, ३, ५, ७ अशा प्रमाणात वाढत जाताना दिसतात.

पाठ्यपुस्तकातली तीन समीकरणं अशाच, एकसमान त्वरणाच्या गतीसाठी आहेत. बैलांना ती लावून पाहा. पहिली जोडी २० मीटर ३.२ सेकंदांत एकसमान त्वरणाने गेली असं मानलं, तर त्वरण येतं ३.९ मीटर प्रतिसेकंद वर्ग आणि रेघेवरचा वेग १२.५ मीटर प्रतिसेकंद. म्हणजे पुढचे २० मीटर, वेग आणखी वाढला नाही असं धरलं तरी, १.६ सेकंदांत संपायला हवे होते. लागले १.७. गणितात चूक नाही, मानण्यात आहे : बैलांनी सुटताना जास्त जोर लावला आणि तो लगेच ओसरू लागला. समीकरण कुठे लागू पडत नाही हे असं हाताने सापडणं मला दहा उदाहरणं सोडवण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

गावात पट असेल तर हे मोजता येईल. प्रत्येक रेघेच्या अगदी समोर एक मोबाइल ठेवा. एकाच फोनमधून तिरपं पाहिलं तर लांबच्या रेघा सरकलेल्या दिसतात. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात १२.५ मीटर वेगाची जोडी एका चित्रातून दुसऱ्या चित्रात सुमारे ४२ सेंटिमीटर सरकते, तेवढी ढिलाई चालून जाते. सगळ्या फोनची वेळ जुळवायला मात्र सोडणाऱ्याची झेंडी धरा, त्याची आरोळी नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. निकालाच्या रेघेवरचा माणूस आरोळी ऐकून घड्याळ दाबत असेल तर ते ०.३ सेकंद उशिराच सुरू होतं. ही चूक सगळ्याच जोड्यांना लागू असल्यामुळे बक्षिसांचा क्रम बदलत नाही, पण वहीत १० च्या जागी ९.७ सेकंद आणि सरासरी वेग १०.३ मीटर प्रतिसेकंद लिहिला जातो.