गणंग दाण्यांचं रसायन

"कडधान्य शिजताना मीठ आधी घालू नका, दाणे दाठर राहतात." हा नियम स्वयंपाकाच्या व्हिडिओंत असतो आणि घरातली जाणती माणसंही तो सांगतात. एका सुट्टीत आठवडाभराचं व्हीगन जेवण रांधून कसं ठेवावं, यावरचा एक लेख परवा वाचला. त्यातही हा नियम ठळक अक्षरांत होता. मला तो वाचून राहवलं नाही. दाणा कडक राहण्यामागचं रसायन फार सुंदर आहे, आणि त्यात मीठ गुन्हेगार नाही.

खरा गुन्हेगार मला एका फसलेल्या पातेल्याने दाखवला. अर्धा किलो राजमा रात्रभर भिजवून मी सकाळी थेट टोमॅटोच्या रसात शिजायला घातला. तीन तासांनी एक दाणा उचलून बोटांत चेपला. साल सुटली, पण आतला गर दोन कडक फाकांत तुटला. मिठाचा कणही घातला नव्हता.

राजम्याचा दाणा असंख्य पेशींनी रचलेला असतो. पेशींच्या आत पिष्ट आणि प्रथिनं असतात. पिष्ट मऊ व्हायला पाणी उकळावंही लागत नाही, साठ-सत्तर अंशांच्या आसपास ते फुगू लागतं. तरी दाणा कडक लागतो, कारण पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. दाणा बोटचेपा झाला म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटल्या. त्यांना धरून ठेवणारा डिंक म्हणजे पेक्टिन, जॅम घट्ट करणारं तेच पेक्टिन.

पेक्टिन ही लांबच लांब साखळी असते. तिची बहुतेक कडी गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाची असते. काही कड्यांच्या आम्लगटावर मिथाइलची टोपी असते, तर काही कड्या उघड्या असतात आणि त्यांच्यावर ऋणभार असतो. कॅल्शियमच्या आयनावर, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणावर, दोन धनभार असतात, म्हणजे जणू दोन हात. एका हाताने तो एक साखळी धरतो आणि दुसऱ्याने शेजारची. नागमोडी साखळ्यांच्या खळग्यांत हे आयन ओळीने बसतात, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे. 1973 साली मांडलेल्या या प्रतिकृतीला 'एग-बॉक्स' हेच नाव आहे. सोयाबीनच्या दुधात कॅल्शियम सल्फेट घातलं की टोफू बनतो, तिथेही कॅल्शियम असाच पूल बांधतो, फक्त प्रथिनांमध्ये.

कडधान्य शिजायचं तर दोन गोष्टी व्हायला हव्यात: हे पूल सैल होणं आणि साखळ्या तुटणं. गरम पाण्यात साखळ्या तुटतात त्या मुख्यतः टोपीवाल्या कड्यांपाशी. रसायनशास्त्रात या क्रियेला बीटा-विलोपन म्हणतात. तिला हायड्रॉक्साइड आयन लागतात. आम्लात ते जवळजवळ नसतातच, म्हणून टोमॅटो, चिंच किंवा व्हिनेगर आधी पडलं की क्रिया रखडते. माझ्या राजम्याचं नेमकं हेच झालं होतं. खायच्या सोड्याने उलट घडतं आणि दाणे भराभर मऊ होतात. पण सोडा जास्त झाला तर दाण्यांचा लगदा होतो, चव साबणासारखी लागते आणि थायमिन हे ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं.

आता मीठ. सोडियमला एकच हात. भिजवायच्या पाण्यात मीठ असेल तर असंख्य सोडियम आयन सालीत शिरतात आणि तिथल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला हुसकून लावतात. सोडियम जागा घेतो, पण दोन साखळ्या बांधू शकत नाही. त्यामुळे पूल सैल होतो. लिटरभर पाण्याला 10 ते 15 ग्रॅम मीठ घालून रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी ओतून द्या आणि दाणे धुऊन साध्या पाण्यात शिजवा. साल मऊ होते आणि कमी फाटते, दाणेही लवकर शिजतात. कठीण पाणी नेमकं याच्या विरुद्ध वागतं, कारण ते बाहेरून आणखी कॅल्शियम आणून देतं.

तरीही काही दाणे गणंग राहतातच. गणंग दोन जातींचे असतात. एकाच्या सालीतून पाणीच आत जात नाही. तो रात्रभर भिजूनही टणक आणि लहान दिसतो, सकाळी निवडून टाकता येतो. दुसरा फसवा असतो: छान फुगतो, पण शिजत नाही. हा बहुधा उष्ण, दमट जागी फार दिवस पडून राहिलेला असतो. ताज्या दाण्यात फायटेट नावाचं संयुग कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं. साठवणीत ते हळूहळू तुटतं, आणि मोकळे झालेले आयन पेक्टिनकडे जाऊन नवे पूल बांधतात. याचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण हेच आहे. म्हणून कडधान्य कोरड्या, थंड जागी ठेवावं.

राजम्याबाबत एक इशारा. कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. भिजवलेलं पाणी फेकावं आणि दाणे किमान 10 मिनिटं खळखळ उकळावेत. मंद आचेवर चालणाऱ्या स्लो कुकरमध्ये तापमान अपुरं पडू शकतं, म्हणून त्यात घालण्याआधी दाणे वेगळे उकळून घ्या.

आठवड्याच्या डब्यांत अडचण उलटीही असते: दाणे मऊ हवेत, पण गाजर दुसऱ्यांदा गरम केल्यावर गाळ होऊ नये. इथेही पेक्टिनच कामाला येतं. गाजराचे तुकडे अर्धा तास 55 ते 60 अंशांच्या पाण्यात ठेवा आणि मग शिजवा. त्या तापमानाला गाजरातलं पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर (एन्झाइम) जोमात येतं आणि कड्यांवरच्या मिथाइलच्या टोप्या काढू लागतं. टोप्या निघाल्या की उघड्या कड्या वाढतात आणि कॅल्शियमला पूल बांधायला जास्त जागा मिळते. शिवाय साखळी टोपीवाल्या कड्यांपाशीच तुटत असल्यामुळे तुटण्याच्या जागाही कमी होतात. एका विकराने दोन्ही बाजूंनी मजबुती येते! पुढे उकळताना विकर निकामी होतं, पण त्याने केलेला बदल टिकतो. बटाट्याचे तुकडे अख्खे राहायला हवे असतील तर उकळत्या पाण्यात थोडं व्हिनेगर पुरतं.

'शिजवलं की विकरं मरतात, अन्नातली जीवनशक्ती जाते' असं सांगणाऱ्यांना माझं हेच म्हणणं आहे. वनस्पतीची विकरं वनस्पतीच्या कामासाठी असतात. आपल्या जठरातलं आम्ल आणि पाचकरस त्यातली बहुतेक विकरं इतर प्रथिनांसारखीच पचवतात. याहून धोकादायक दावा स्पिरुलिना या नीलहरित शेवाळातून ब-12 जीवनसत्त्व मिळतं हा आहे. त्यात असतं ते बहुतांशी ब-12सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी संयुग. ब-12 जीवाणू बनवतात, वनस्पती नाही. व्हीगन माणसाने ते गोळीतून किंवा ब-12 मिसळलेल्या पदार्थांतून न चुकता घ्यायलाच हवं.

साठवणीचं थोडक्यात: शिजलेलं अन्न उथळ भांड्यांत पसरून निववा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. त्यापुढचा वाटा फ्रीझरमध्ये. शिजलेले दाणे तिथे उत्तम टिकतात.

दाणे बोटचेपे झाले की मग टोमॅटो खुशाल घाला. आंबट नंतर घालण्याचा आणखी एक फायदा आहे. कडधान्यांतलं लोह फायटेटमुळे नीट शोषलं जात नाही, आणि क जीवनसत्त्व ही अडचण बरीच कमी करतं. पण लिंबू डब्यात पिळून ठेवू नका. साठवणीत आणि पुन्हा गरम करताना क जीवनसत्त्व घटत जातं, म्हणून जेवायला बसल्यावर पिळा.